वाळूवरची ३६ मिनिटे

सेशेल्स हा हिंदी महासागरातील सव्वा लाख लोकवस्तीचा देश. ११ मे २०२५ रोजी त्याच्या राजधानीत, व्हिक्टोरिया शहरात, फिफा बीच सॉकर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ब्राझीलने बेलारूसला ४-३ असे हरवून फिफाचा हा चषक सातव्यांदा जिंकला. आफ्रिका खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. सोळा संघ, अकरा दिवस, बत्तीस सामने. क्रिकेटच्या गर्दीत आपल्याकडे या बातमीला चार ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. तरीही त्या निकालात एक गोष्ट विचार करण्यासारखी होती. उपविजेत्या बेलारूसला समुद्रकिनाराच नाही.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २००९ मध्ये दुबईत ब्राझीलसमोर अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडचा संघ उभा होता, आणि त्यालाही समुद्र नाही. २०१९ ची स्पर्धा पॅराग्वे या चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या देशात झाली होती. नावात 'बीच' असले तरी या खेळाला समुद्र लागत नाही, वाळू लागते, आणि तीही किनाऱ्यावर सापडेल तशी नव्हे, तर निवडलेली, चाळलेली आणि मोजून पसरलेली. विश्वचषकाची वाळू बनवलेली असते. गोव्यापासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यांवर संध्याकाळी पोरे खेळतात ती वाळू सापडलेली असते. या दोन वाळूंतला फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतात हा खेळ आता वाढू लागला असल्याने तो समजून घेण्याची वेळही हीच आहे.

आधी खेळाची ओळख. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह पाच खेळाडू, सगळे अनवाणी. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या नेहमीच्या मैदानाचा साधारण सातवा हिस्सा. सामना बारा-बारा मिनिटांच्या तीन सत्रांत होतो, मध्ये छोटी विश्रांती असते. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. वाळूवर चेंडू सरळ घरंगळत नाही, म्हणून तो हवेत ठेवावा लागतो. त्यामुळे उलट्या उडीत मारलेली लाथ, छातीवर झेलून मारलेला फटका आणि भरपूर गोल हे या खेळाचे आकर्षण. नियम १९९२ मध्ये लिहिले गेले, जागतिक स्पर्धा १९९५ मध्ये रिओमध्ये सुरू झाली आणि २००५ पासून ती फिफाच्या नावाने होते.

एकूण ३६ मिनिटांचा खेळ ऐकल्यावर ९० मिनिटे धावणाऱ्यांच्या तुलनेत तो किरकोळ वाटेल. शरीराला तसे वाटत नाही. बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना वाळूवर चालवून आणि धावायला लावून मोजमापे घेतली. कठीण जमिनीच्या तुलनेत वाळूवर चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली, तर धावायला सुमारे १.६ पट.

ही जास्तीची ऊर्जा जाते कुठे? कठीण जमिनीवर धावताना टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, प्रत्येक पावलाला रबरासारखी ताणली जाते आणि पुढच्या पावलाला ती ऊर्जा परत देते. धावणे हे एका अर्थाने चेंडूसारखे टप्पे घेत जाणे असते. वाळू हा टप्पाच गिळून टाकते. पाय टेकला की कण बाजूला सरकतात आणि टाच खचते. जी ऊर्जा परत मिळायची, ती वाळू हलवण्यात खर्च होते. मागे रेटायला गेले की पंजा घसरतो. शिरेने परत द्यायची होती ती ऊर्जा मग स्नायूंना नव्याने तयार करावी लागते. कोरड्या वाळूत दहा मिनिटे पळून पोटऱ्या भरून आल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना यासाठी प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

स्पेनमधील संशोधकांनी २०१० मध्ये बीच सॉकरच्या खेळाडूंना जीपीएस आणि हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बांधून सामने खेळवले. खेळाडू मिनिटाला सुमारे ९८ मीटर अंतर कापत होते. गवतावरच्या फुटबॉलमध्ये हा आकडा साधारण ११० मीटरच्या घरात असतो, म्हणजे वाळूवर अंतर कमीच. पण मैदानावरचा निम्म्याहून अधिक वेळ त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या वर होते. चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत ढोबळमानाने हे मिनिटाला १६० हून अधिक ठोके झाले. एखादा खेळाडू दीड-दोन मिनिटांत धापा टाकत बाहेर येतो आणि दुसरा आत धावतो, ते डावपेचाइतकेच शरीरशास्त्रही असते. अमर्याद बदली खेळाडूंची मुभा काढून घेतली, तर हा खेळ या वेगाने खेळताच येणार नाही.

वाळूची दुसरी बाजूही आहे, आणि ती लोभसवाणी आहे. पाय खचतो म्हणूनच सांध्यांवरचा हादरा कमी होतो. इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये फुटबॉलपटूंच्या दोन गटांना चार आठवडे उड्यांचे प्रशिक्षण दिले, एका गटाला गवतावर आणि दुसऱ्याला वाळूवर. धावण्याचा वेग दोघांचाही जवळपास सारखाच सुधारला. मात्र वाळूवरच्या गटाचे स्नायू कमी दुखले. गवतावर सराव केलेल्यांना आधी गुडघे वाकवून घेतलेल्या झटक्याच्या उडीत अधिक फायदा झाला, कारण त्या उडीत शिरेचा ताण कामाला येतो. थोडक्यात, वाळू ताकद वाढवते आणि हादरा वाचवते, पण उसळी शिकवत नाही. म्हणूनच अनेक खेळांतले प्रशिक्षक वाळूचा सराव चवीपुरता ठेवतात.

येथूनच एक गैरसमज जन्माला येतो, तो म्हणजे 'वाळू मऊ, म्हणून वाळू सुरक्षित'. हादरा कमी होतो हे खरे. पण अनवाणी पायाला बुटाचे संरक्षण नसते. पायाचा अंगठा वाळूत रुतून वरच्या दिशेने किंवा खाली मुडपणे, चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर किंवा घोट्यावर बोटे आदळणे, असमान वाळूत घोटा मुरगळणे, उलट्या उडीनंतर खांद्यावर किंवा मानेवर पडणे, डोळ्यांत वाळू जाणे या दुखापती या खेळात येतातच. ज्याच्या पोटऱ्यांना वाळूची सवय नाही, त्याच्या टाचेमागच्या शिरेवर पहिल्याच दिवशी ताण येतो. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. त्या उतारावर तासभर एकाच दिशेने पळत राहिले, तर एका पायावर, गुडघ्यावर आणि कमरेवर सतत तिरका भार पडतो.

या पार्श्वभूमीवर फिफाची नियमावली वाचली, की ती खेळाच्या नियमांइतकीच आरोग्याचीही वाटू लागते. मैदान सपाट केलेले हवे. त्यात खडे, शिंपले किंवा इजा करणारे काहीही नको. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल हवी. ती चाळलेली हवी, खरखरीत नको; पण उडून अंगाला चिकटेल इतकी बारीकही नको. मैदानाच्या कडा चुन्याने आखायच्या नाहीत, तर लवचीक पट्ट्यांनी. हिशोब केला, तर ३७ बाय २८ मीटरच्या मैदानाला ४० सेंटिमीटर खोलीची वाळू म्हणजे ४०० घनमीटरहून अधिक, वजनात ६०० टनांहून जास्त माल होतो. एवढी वाळू निवडून, चाळून, सपाट करून मग त्यावर अनवाणी पाय ठेवायचे. बारा मिनिटांची सत्रे आणि अमर्याद बदल हे या नियमांत धरले, की चित्र पूर्ण होते. पायाखालची वाळू तयार करणे आणि हृदयाला मध्येमध्ये सुटका देणे, या दोन खांबांवर हा खेळ उभा आहे.

तिसरा खांब उन्हाचा आहे आणि तो सर्वांत डळमळीत आहे.

कोरडी वाळू दुपारच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पृष्ठभागाचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते, कधी ६० च्या आसपास पोहोचते. वाळू उष्णतेची वाईट वाहक असल्याने ती तव्यासारखी लगेच भाजत नाही, आणि दोन-चार सेंटिमीटर खाली ती बरीच थंड असते. म्हणून माणसे पंजे खुपसत चालतात. पण सत्रभर अनवाणी पळणाऱ्याच्या तळव्याला हा दिलासा पुरत नाही. तळव्यांना फोड येतात. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर भाजल्याचे उशिरा कळते. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट या खनिजामुळे वाळू काळसर आहे. गडद रंग ऊन अधिक शोषतो, त्यामुळे तिथे दुपार आणखी कडक. वरून येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के किरण कोरडी वाळू परत फेकते. टोपी घातली तरी हनुवटी आणि मान भाजते ती याचमुळे.

तरीही खरा धोका तळव्यांना नाही, गाभ्याच्या तापमानाला आहे. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णता बनतो. वाळूवर दीडपट ऊर्जा म्हणजे शरीरात जवळपास दीडपट उष्णता. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, आणि घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, निथळतो. पाणी आणि क्षार जातात, पण शरीर थंड होत नाही. रक्ताची विभागणीही अडचणीत येते. स्नायूंना प्राणवायू हवा असतो आणि त्वचेला उष्णता टाकण्यासाठी रक्त हवे असते. एकच हृदय दोघांना पुरवता पुरवता थकते.

म्हणून खेळांच्या संघटना नुसत्या तापमानावर विसंबत नाहीत. 'डब्ल्यूबीजीटी' नावाचा निर्देशांक वापरतात. त्यात ७० टक्के वजन ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला, म्हणजे दमटपणाला असते. २० टक्के वजन उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमानाला आणि फक्त १० टक्के साध्या तापमानाला. फुटबॉलमध्ये हा निर्देशांक ३२ अंशांच्या वर गेला की फिफा खेळ थांबवून पाणी पिण्याची विश्रांती देते. साधा तापमापक ३३ दाखवत असतानाही दमट, निवारा नसलेल्या किनाऱ्यावर हा निर्देशांक धोक्याच्या जवळ जाऊ शकतो. 'आज तर चाळीसही नाही' हे वाक्य नागपुरात जितके खरे, तितकेच मालवणात फसवे. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू करतो आणि किनारपट्टीवर ३७ पासून, त्यामागेही हेच कारण आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने डझनाहून अधिक लोक दगावले, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. ती माणसे धावतही नव्हती, बसलेली होती.

सेशेल्स विषुववृत्तापासून अवघ्या चार-पाच अंशांवर आहे. मेमध्ये तिथे दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास आणि हवा दमट. विजेत्या संघाला अकरा दिवसांत सहा सामने खेळावे लागले. त्याआधीचा विश्वचषक दुबईत झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, तिथल्या सौम्य ऋतूत. जुलैच्या दुबईत ही स्पर्धा कल्पनेतही बसत नाही. याचा अर्थ स्पर्धेचे ठिकाण आणि महिना निवडणे हादेखील वैद्यकीय निर्णय झाला आहे. उष्णता वाढत जाईल तसा हा खेळ ज्या उष्ण किनाऱ्यांनी जन्माला घातला, तिथेच त्याला दिवसाढवळ्या खेळायला कमी दिवस मिळतील. उलट बेलारूससारख्या देशाचा खेळाडू छपराखालच्या वाळूवर वर्षभर सराव करू शकेल. अंतिम सामन्यात तो संघ दिसणे हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

आता आपल्याकडचे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ च्या सुरुवातीला सुरतच्या डुमस किनाऱ्यावर सुरू केली आणि ती केरळने जिंकली. त्याच वर्षी गोव्यातील ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बीच फुटबॉलचा समावेश झाला. मार्च २०२५ मध्ये पट्टाया येथील आशियाई स्पर्धेत भारतीय संघ बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर उतरला. मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर झालेल्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही हा खेळ होता. साडेसात हजार किलोमीटरहून मोठा किनारा लाभलेल्या देशात, फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोवा आणि केरळसारख्या राज्यांत, हा खेळ रुजणे स्वाभाविक आहे आणि स्वागतार्हही. त्याला महागडे गवत लागत नाही, बूट लागत नाहीत, चार बांबू रोवले की गोल तयार.

अडचण याच सोपेपणात आहे. बांबू रोवून गोल उचलता येतो, ४० सेंटिमीटर चाळलेली वाळू उचलता येत नाही. गावोगावच्या स्पर्धांत खेळाचे रूप आले की नियमांतला खर्चिक भाग सहसा गळतो. सत्रे बारा मिनिटांची न राहता 'पंधरा-पंधराचे दोन हाफ' होतात. एका दिवसात बारा संघांना बसवायचे म्हणून सामने दुपारी एकलाही लागतात. संघात बदली खेळाडू दोनच असतात. वाळूत फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, गळ, जाळ्यांचे तुकडे आणि शिंपले असतात. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून आलेल्या आकडे-कृमींच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजरा पुरळ उठवतात. हा त्रास उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर चांगलाच परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत समुद्राच्या पाण्याबरोबर किनाऱ्यावरच्या वाळूच्या स्वच्छतेचा विचार केला आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींवरचे उपाय पैशाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. सामने सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ठेवावेत. सत्रे बाराच मिनिटांची आणि तीनच ठेवावीत, आणि संघ किमान दहा जणांचा असल्याशिवाय नोंदणी घेऊ नये. आदल्या संध्याकाळी मैदानावर दाताळे फिरवून काच-शिंपले वेचावेत आणि सकाळी खेळण्याआधी पुन्हा एक हात मारावा. मैदान भरतीच्या रेषेजवळच्या उतारावर न आखता, शक्य तितक्या सपाट भागात आखावे. पाणी मारलेली वाळू थंडही राहते आणि कण धरून ठेवल्याने पायही कमी रुततो. पालिका किंवा ग्रामपंचायतीच्या टँकरची एक फेरी इथे कामी येते. हाताचा तळवा किंवा अनवाणी पाऊल वाळूवर काही सेकंदही ठेवता येत नसेल, तर त्या वेळी सामना नको, एवढी साधी कसोटीसुद्धा पुरे आहे.

खेळाडूंसाठीही काही पथ्ये आहेत. उष्ण हवेची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत लागते, म्हणून सराव सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात वाळूवर थोडा वेळच पळावे. तहान लागायची वाट न पाहता, पण पोट डबडबेपर्यंतही न पिता, प्रत्येक विश्रांतीत घोट घोट पाणी घ्यावे. भरपूर घाम गेला असेल तर लिंबू, मीठ, साखरेचे सरबत चांगले. खेळता खेळता एखादा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर तो 'दमला' असे समजू नये. गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी १०८ ला फोन करतानाच त्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतायला, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले पंचे मान, काखा आणि जांघांत ठेवायला सुरुवात करावी. टबभर गार पाणी हाताशी असेल तर त्यात बसवणे उत्तम. आधी थंड करणे आणि मग रुग्णालयात नेणे हा क्रम जीव वाचवतो. पहिल्या अर्ध्या तासावर बरेच काही अवलंबून असते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये.

स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हिशोबात मंडप, ध्वनिक्षेपक, चषक आणि पाहुण्यांचे हारतुरे असतात. त्यातच बर्फाच्या दोन लाद्या, एक मोठे टब, दाताळे, पाण्याचा टँकर आणि प्रथमोपचार येणारा एक माणूस बसवणे अवघड नाही. व्हिक्टोरियातल्या अंतिम सामन्यात ब्राझील आणि बेलारूसच्या खेळाडूंनी त्या ३६ मिनिटांत जे दाखवले, ते त्यांच्या कौशल्याचे होतेच. पण त्यांच्या अनवाणी पायांखाली कोणीतरी आधी वाळू चाळून ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत किंवा मेमध्ये किनाऱ्यावरच्या गावात पुढची स्पर्धा ठरेल, तेव्हा मैदान आखण्याआधी हे चाळणे व्हायला हवे.